हलत्या वर्तुळांतून व्हिडिओ: मास्क लावला की वेग कोसळतो

प्रश्न
प्रोसेसिंगमध्ये (चित्रं आणि अॅनिमेशनसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) रंगमंचासाठी एक दृश्य करतेय. १९२० × १०८० चा व्हिडिओ फक्त १२ वर्तुळांच्या आत दिसायला हवा. वर्तुळं श्वास घेतल्यासारखी फुगतात, आक्रसतात, एकमेकांत शिरतात. वेगळ्या पी२डी थरावर (ग्राफिक्स कार्डावर काढला जाणारा द्विमितीय थर) काळ्यावर पांढरी वर्तुळं काढते आणि दर फ्रेमला व्हिडिओवर मास्क() (थर पांढरा असेल तिथेच व्हिडिओ दाखवणारं फंक्शन) चालवते. दिसतं अगदी मनासारखं, पण सेकंदाला ६० ऐवजी १४ फ्रेम! वर्तुळं अडखळली की श्वासच तुटतो, आणि सगळं दृश्य त्यावरच उभं आहे. व्हिडिओ निम्म्या आकाराचा केला तर वेग येतो, पण कडा दातेरी होतात. काय करू?

उत्तर १
वर्तुळांचा दोष नाही. व्हिडिओवरचं मास्क() सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, चालतं: मास्कच्या निळ्या चॅनेलमधली (रंगघटकातली) किंमत एकेक पिक्सेलच्या अल्फात (पिक्सेल किती अपारदर्शक, त्या आकड्यात) भरत जातं. तुमच्या फ्रेममध्ये वीस लाखांवर पिक्सेल आहेत आणि ६० फ्रेमसाठी हाताशी जेमतेम १६.६ मिलिसेकंद. शिवाय पी२डी थर आधी ग्राफिक्स कार्डावरून मेमरीत ओढावा लागतो, मग व्हिडिओ परत कार्डावर चढवायचा. ही ये-जा महागात पडते.

सगळं कार्डावरच ठेवा. छोटा फ्रॅगमेंट शेडर (कार्डावर प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा प्रोग्राम) लिहा, व्हिडिओ आणि थर ही दोन टेक्स्चर (कार्डावरची चित्रं) त्याला द्या. रंग व्हिडिओचा, अल्फा थराच्या लाल चॅनेलमधून. मास्क उलटा दिसला तर त्याचा वाय निर्देशांक (उभी जागा, ० ते १) एकातून वजा करा.

उत्तर २
१२ वर्तुळांसाठी थर तरी कशाला? केंद्रं आणि त्रिज्या युनिफॉर्म अ‍ॅरेत (शेडरला बाहेरून मिळणाऱ्या किमतींच्या यादीत) पाठवा. शेडरमध्ये प्रत्येक केंद्रापासूनच्या अंतरातून त्रिज्या वजा करा, सर्वांत लहान उत्तर ठेवा आणि त्यावर स्मूथस्टेप (० पासून १ पर्यंत हळूहळू चढणारं फंक्शन) लावा. कड हवी तितकी मऊ होते. साध्या मिनऐवजी (सर्वांत लहान किंमत निवडण्याऐवजी) स्मूथ मिन (किमती जवळ आल्या की त्या गुळगुळीत सांधणारं रूप) वापरलंत तर वर्तुळं पाण्याच्या थेंबांसारखी जुळतील. आकार हाताने काढलेले असते तर मात्र वरचाच मार्ग.

प्रश्नकर्ती
आधी थराचा मार्ग धरला. ६० फ्रेम मिळाल्या, पण मागच्या वर्तुळांचे माग राहिले, कारण थर दर फ्रेमला काळा करायचा राहिला होता. नंतर कडेला काळपट रेघ. तिच्यात अख्खी संध्याकाळ गेली. शेडरमध्ये मी रंगाला अल्फाने गुणत होते आणि ब्लेंडिंग (रंग मागच्या चित्रात मिसळणारी पायरी) पुन्हा गुणत होतं. माझा गुणाकार काढला, रेघ गेली.

आज स्मूथ मिन लावलं. दोन वर्तुळं जुळतात तेव्हा मध्ये अरुंद पूल तयार होतो आणि व्हिडिओतला हात त्या पुलावरून पलीकडे जाताना दिसतो. थराची फाइल काढून टाकली.