माथेरानला कारने जाताना गाडी कुठे लावावी? दस्तुरी नाका की नेरळ?

कॉलेजरोडकर

नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी पहाटे नाशिकहून निघून रविवारी परत, असा माथेरानचा बेत आहे. आम्ही दोघं, दोन मुलं (9 आणि 5 वर्षं) आणि सासूबाई. सासूबाईंना सपाटीवर चालता येतं, चढ-उतार झेपत नाही. गाडी पेट्रोल हॅचबॅक, ऑटोमॅटिक (एएमटी). गावात गाडी नेता येत नाही एवढं माहीत आहे. दस्तुरीपर्यंत गाडी न्यावी की खाली नेरळला ठेवून टॅक्सीने वर जावं? रात्रभर गाडी तिथे ठेवायला काही हरकत? आणि दस्तुरीपासून पुढे सासूबाईंना कसं न्यायचं?

पाथर्डी_फाटा

सोबत वयस्क माणूस आणि लहान मुलं आहेत, त्यामुळे दस्तुरीच. फक्त शनिवारी सकाळी साडेआठच्या आत तिथे पोचा. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

माथेरानला येणारा एकच गाडीरस्ता आहे, नेरळचा घाट, आणि तो दस्तुरी नाक्यावर संपतो. पुढे रुग्णवाहिकेसारखी अत्यावश्यक वाहनं सोडली तर कुणाचीच मोटार जात नाही. 2003 मध्ये हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण मोटारबंदी त्याहून कितीतरी जुनी आहे. त्यामुळे 'हॉटेलवाल्याची ओळख आहे, तो आत सोडेल' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पार्किंग म्हणजे झाडांखालची लाल मातीची, उंचसखल जागा. शनिवारी उशीर झाला की दोन गोष्टी होतात. एक तर आतल्या जागा संपून गाडी उतारावर, कडेला कुठेतरी लावायला सांगतात. दुसरं, जागाच उरली नाही की रांग घाटात मागे सरकते आणि तुम्ही ऐन चढावर थांबता-निघता करत बसता. एएमटीला हे दुसरं फार वाईट. म्हणून वेळेचा आग्रह धरतोय.

लावताना गाडीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा. रविवारी दुपारी मागेपुढे गाड्या लागलेल्या असताना उतारावर रिव्हर्स घेत बाहेर पडणं म्हणजे अर्धा तास जातो. पार्किंगचे पैसे वेगळे आणि नगरपरिषदेचा माणशी प्रवेश कर वेगळा, दोन्हीच्या पावत्या घ्या आणि सुटे रोख जवळ ठेवा, वर नेटवर्क दगा देतं. किल्ली कुणी मागितली तर देऊ नका.

नेरळची_वाट

वरच्या मताशी सहमत, पण नेरळचा पर्याय एकदम टाकून देऊ नका. लांब सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी किंवा पावसाळ्यातल्या रविवारी मी तरी नेरळच सुचवेन.

स्टेशनच्या आसपास पैसे घेऊन गाडी ठेवून देतात. कुंपण, फाटक आणि रात्री राखणदार या तिन्ही गोष्टी असतील तरच ठेवा, आणि रविवारी किती वाजेपर्यंत फाटक उघडं असतं ते तोंडी न ठेवता पावतीवर लिहून घ्या. स्टेशनबाहेरूनच दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी मिळतात. सीटवर जातात किंवा पूर्ण गाडी करता येते. पाच जण असाल तर पूर्ण गाडीच बरी, नाहीतर मागच्या सीटवर कोंबाकोंबी होते. हे टॅक्सीवाले दिवसभर तोच घाट चढतात, त्यामुळे क्लच जळायची, गाडी मागे घरंगळायची काळजी तुमची राहत नाही.

तोटा एकच, सामान दोनदा चढवा-उतरवायचं.

कॉलेजरोडकर

दोघांचेही आभार. साधाच शनिवार आहे, लागून सुट्टी नाही, तेव्हा दस्तुरीच ठरवतो. एएमटी त्या घाटात चढेल ना? घरात सगळे घाबरवतायत. आणि नाशिकहून रस्ता कुठला घ्यावा? कल्याणवरून की मुरबाडवरून?

घाटमाथा_गॅरेज

चढेल. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर धापा टाकत चढेल, पण चढेल. अडचण गाडीत नसते, चालवण्याच्या सवयीत असते.

एएमटीमध्ये आत साधा क्लचच असतो, तो फक्त यंत्र दाबतं-सोडतं. चढावर रांगेत थांबलात आणि ब्रेक न दाबता हलकासा ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवलीत, तर तो क्लच सतत अर्धवट घासत राहतो. पाच-सात मिनिटांत जळका वास येतो, मग डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची खूण लागते, आणि मग काही गाड्या गिअरच घेत नाहीत. गाडी तिथेच अडते, मागे वीस गाड्या. त्यामुळे थांबलात की हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. निघताना थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं, म्हणजे क्लच पकडला, की मग हँडब्रेक सोडा. हिल-होल्ड (चढावर गाडी आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तरी ते दोन-तीन सेकंदच धरतं, त्याच्या भरवशावर राहू नका. हे घरी सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर दहा वेळा करून बघा.

नेरळ सोडल्यावर घाट चालू होतो तिथेच मॅन्युअल मोडला टाका. वळणाच्या आधी पहिला, वळणात गिअर बदलू देऊ नका. ऑटोमध्ये ठेवलं तर गाडी नेमकी वळणाच्या मध्यात दुसरा घेते, दम तुटतो आणि मागे येते. एसी बंद. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे ती अडली तरी तुम्हाला वळणात थांबावं लागत नाही, वळणाच्या अलीकडे सपाट तुकडा बघून थांबता येतं.

उतरताना चढताना वापरला तोच गिअर, म्हणजे पहिला-दुसरा, मॅन्युअलमध्येच. न्यूट्रल कधीही नाही. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड आणि ब्रेक ऑइल तापतं, पेडल मऊ लागायला लागतं आणि ब्रेक उशिरा लागतो. तसं झालं तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, डिस्कवर पाणी मारू नका, वाकडी होते. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. चढावर अडलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं.

सीएनजी गाडीवाले हे वाचत असतील तर: घाटापुरतं पेट्रोलवर टाका. सीएनजीवर ओढ कमी पडते.

सिडको_ते_सह्याद्री

रस्त्याचं सांगतो. कल्याणवरून नको. पडघ्यापुढे कंटेनर, मग कल्याण, मग बदलापूर, यात सकाळ जाते.

नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, तिथून डावीकडे मुरबाड, मग म्हसा, कळंब, आणि कळंबहून नेरळ. कर्जतपर्यंत खाली जाऊन परत वर यायची गरज नाही, कळंबलाच नेरळचा फाटा आहे. मॅप बऱ्याचदा कर्जतवरून फिरवतो, तेव्हा आधी नेरळ टाका, माथेरान नंतर. एकूण साधारण 160-170 किमी.

जून 2025 पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) टप्पा चालू आहे. इगतपुरीला वर चढून शहापूरजवळ खुटघरला उतरलात तर कसारा घाट पूर्ण टळतो, सुमारे 8 किमीच्या बोगद्यातून सरळ खाली. टोल पडतो, पण पहाटे कसाऱ्यात ट्रक बंद पडून अडकायची भीती राहत नाही. साडेआठला दस्तुरी गाठायची असेल तर साडेचारला नाशिकचा पाथर्डी फाटा सोडा. चहाला एकच थांबा, शहापूरला. टाकी तिथे किंवा मुरबाडला भरा, माथेरानला पंप नाही.

अमनलॉज_प्लॅटफॉर्म

सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किमी. पार्किंगपासून थोडं चालत गेलं की अमन लॉज स्टेशन लागतं, तिथून माथेरान स्टेशनपर्यंत मिनी ट्रेनची शटल आहे. तुमच्यासाठी हाच पहिला पर्याय. तिकीट खिडकीवरच मिळतं, गाडी सुटायच्या थोडं आधी खिडकी उघडते. गाडी लावायच्या आधीच एका माणसाला उतरवून रांगेत उभं करा, कारण डबे कमी आणि शनिवारी माणसं फार. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, ही शटल मात्र पावसातही चालते.

शटल हुकली तर ई-रिक्षा. त्या मोजक्याच आहेत, रांग लागते. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करून त्या लोकांना ई-रिक्षा द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये दिला आहे. चालत गेलात तर पाऊण तास धरा, मुलांना काही वाटत नाही. घोड्याचे दर नाक्यावरच्या फलकावर बघून मगच ठरवा. सामान हमालाकडे द्या, चाकांची बॅग त्या रस्त्यावर ओढू नका, चाकं निखळतात.

एक कळकळीची सूचना. पार्किंगमध्ये गाडीचा दरवाजा उघडताच कुणीतरी येऊन म्हणेल की ट्रेन बंद आहे, ई-रिक्षा नाहीत, हॉटेल इथून सात किलोमीटर आहे, घोडाच करावा लागेल. ऐकून घ्या आणि स्टेशनपर्यंत चालत जाऊन स्वतः खात्री करा. याच फसवणुकीविरुद्ध मार्च 2025 मध्ये माथेरानकरांनी स्वतः गाव बंद ठेवलं होतं. तिथल्या बहुतेक घोडेवाल्यांचं पोट प्रामाणिक धंद्यावर चालतं, काही दलालांमुळे सगळे बदनाम होतात.

सासूबाईंना एवढंही नको असेल तर एमटीडीसीचं रिसॉर्ट दस्तुरीच्या जवळच आहे. बाजार लांब पडतो, पण गाडीपासून खोली जवळ. बुकिंग करतानाच पार्किंगचं विचारून ठेवा.

घाटमाथा_गॅरेज

रात्रभर गाडी ठेवायची तर थोडं अजून. चोरीपेक्षा माकडांचा त्रास जास्त. सीटवर बिस्किटाचा पुडा दिसला तरी ती काचेच्या रबरी पट्ट्या उचकटतात. खाण्याची वस्तू, रिकामं पाकीटसुद्धा, गाडीत नको. आरसे मिटून ठेवा, स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की ती त्यावर तुटून पडतात. वायपर उभे करून ठेवायची सवय असेल तर इथे ठेवू नका.

मे-जूनमध्ये जांभळाच्या झाडाखाली लावू नका. टपावर पडलेली जांभळं दोन दिवस उन्हात वाळली की जांभळा डाग पेंटमध्ये मुरतो.

उतारावर लावली असेल तर चाकामागे दगड हवाच. मॅन्युअल गाडी चढाकडे तोंड असेल तर पहिल्या गिअरमध्ये, उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये ठेवा. एएमटीला पार्किंगचा वेगळा खटका नसतो. ब्रेक दाबून गिअर टाका, हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्येच इंजिन बंद करा. न्यूट्रलमध्ये बंद केलीत तर सगळा भार हँडब्रेकवर येतो. निघताना आधी गाडी चालू करा, मग दगड काढा. दगड काढणाऱ्याने चाकाच्या रेषेत उभं राहू नये, बाजूने पायाने सरकवावा.

पावसाळ्यात हँडब्रेक करकचून ओढून दोन दिवस ठेवलात तर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गाडी हलत नाही, किंवा 'टक' असा आवाज होऊन सुटते. घाबरू नका, हळूच पुढे-मागे करा. पहिल्या शंभर मीटरला डिस्कवरच्या गंजाचा खरखर आवाज येईल, सपाटीवर दोन-तीनदा ब्रेक मारून तो घालवा आणि मगच घाट उतरायला लागा.

डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल तर वायर काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते, आणि एएमटी ढकलून चालू होत नाही.

नाशिकरोड_स्टेशन

आणखी एक पर्याय कुणी लिहिला नाही म्हणून. गाडी घरीच ठेवा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून कल्याणला उतरा, तिथून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ, पुढे टॅक्सी. कल्याणला जिने आणि गर्दी आहे, त्यामुळे सासूबाई सोबत असताना मी आग्रह धरणार नाही. दोघंच जाणार असाल तर याच्यासारखं सुख नाही.

कॉलेजरोडकर

सगळं लिहून घेतलं. साडेचारला निघतो, समृद्धीने खुटघर, मुरबाड, कळंब, नेरळ. मी गाडी लावेपर्यंत मिसेस अमन लॉजच्या खिडकीवर. रॅम्पवरचा सराव आजच करतो. रविवारी खाली किती वाजता निघावं?

पाथर्डी_फाटा

दुपारी बाराच्या आत दस्तुरी सोडा. त्यासाठी माथेरान स्टेशनवरून साडेदहा-अकराची शटल धरा. वेळापत्रकाचा फोटो शनिवारी उतरल्याबरोबर काढून ठेवा, शनिवार-रविवारच्या वेळा वेगळ्या असतात. तीननंतर सगळं गाव एकदम खाली यायला निघतं.