जिम्नीला सीट कव्हर टाकायचंय, साइड एअरबॅगचं काय करायचं?

सातारकर_जिम्नी

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी जिम्नी २०२३ च्या शेवटी घेतलेली, मॅन्युअल, आत्तापर्यंत २८ हजार किलोमीटर झाले. सीटा कंपनीच्या कापडीच आहेत, बसायला मस्त, पण दोन पावसाळे ठोसेघर, बामणोली, कोयनेकडचे कच्चे रस्ते करून ड्रायव्हर सीटची पार रया गेलीय. चिखलाच्या पँटनं बसायचं, ओला रेनकोट तसाच मागं टाकायचा, वर दोन दोन आठवडे ऊन नाही, त्यामुळं ऑगस्टात दार उघडलं की कुबट वास यायचा आणि एक दिवस सीटच्या खालच्या कडेला चक्क पांढरी बुरशी दिसली. तेव्हाच ठरवलं की आता कव्हर टाकायचंच.

गेल्या रविवारी दुकानात गेलो तर त्यानं रेक्झिनचं जाड, आतून फोम लावलेलं, सीटला एकदम घट्ट बसणारं कव्हर दाखवलं, बकेट फिट म्हणतात ते, साडेसात हजार फिटिंगसकट. मी विचारलं सीटमध्ये एअरबॅग आहे त्याचं काय, तर म्हणाला काय होत नाय साहेब, सगळेच टाकतात. पण गाडीत सहा एअरबॅग आहेत आणि त्यातल्या दोन पुढच्या सीटांच्या पाठीत दाराच्या बाजूला आहेत, तिथं शिवणीत एअरबॅगचा बारका टॅग पण आहे. त्याच्या कव्हरला नेमक्या त्याच जागी सलग रेक्झिन आणि त्यावर दुहेरी टीप मारलेली. मी हात लावून बघितला, ओढून बघितलं, आणि काही न घेता परत आलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पण म्हणाली डाग पडू दे, पण ते नको.

तर ज्यांनी ऑफरोडच्या गाडीला कव्हर टाकलंय त्यांनी सांगा की साइड एअरबॅगवाल्या सीटला नेमकं कसलं कव्हर चालतं, कापड कुठलं घ्यावं, आणि घरी बसवता येतं का, कारण आता दुकानदारावर सोडायची इच्छा राहिली नाही.

नाशिकची_थार

न घेता परत आलात हे फार बरं केलंत. माझी थार २०२१ ची तीन दारांची, तिच्यात पुढच्या दोनच एअरबॅग, सीटच्या पाठीत काही नाही, म्हणून मी बिनधास्त घट्ट कव्हर टाकलं होतं. तुमच्या जिम्नीला किंवा पाच दारांच्या थार रॉक्सला तसं करता येणार नाही, त्या दोन्हींत सीटमध्ये एअरबॅग आहे. बरेच जण मित्राच्या थारला बघून तेच कव्हर मागतात, तिथं घोळ होतो.

एअरबॅगबद्दल जाणकार बोलतीलच, मी कापडाबद्दल सांगतो कारण त्यात मी पैसे घालवलेत. मी गुळगुळीत काळं रेक्झिन घेतलं, पुसलं की स्वच्छ म्हणून. शहरात काही त्रास नाही. पण त्र्यंबकच्या बाजूला एका ओल्या उतारावर, लो रेंजला, म्हणजे फोर बाय फोरच्या हळू पण जोरदार गिअरिंगला, पहिल्या गिअरमध्ये गाडी हळूहळू उतरवत होतो, पँट ओली आणि मी सीटवरून पुढं घसरायला लागलो. बेल्ट होता, पण बेल्ट तेवढ्यानं लॉक होत नाही ना, तो झटका बसला की धरतो. मग माणूस काय करतो, पायानं रेटून बसतो, आणि तो पाय नेमका क्लचच्या बाजूला आणि दुसरा ब्रेकवर. जिथं पाय मोकळे पाहिजेत तिथंच मी पायांवर तोलून बसलेलो. आडव्या उतारावर गाडी एका अंगाला कलली की पण तेच, कापडी सीट अंग धरून ठेवते, रेक्झिनवर कमरेपासून सरकायला होतं. त्या दिवसानंतर मी बसायच्या आणि पाठ टेकायच्या जागी जाळीचं खरखरीत कापड आणि फक्त कडांना रेक्झिन असं शिवून घेतलं, तेव्हापासून आराम आहे.

थारवाल्यांसाठी अजून एक, मागं बसायला ज्या लिव्हरनं बाजूची सीट पुढं झुकते ती कव्हरखाली दाबली जाऊ देऊ नका. माझी महिनाभर अर्धवट दबलेली होती, सीट नीट लॉकच व्हायची नाही आणि मी उगाच लॅचला दोष देत होतो.

कुशनवाला_पुणे

मी हाच धंदा करतो, बारा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साइडनं धडक बसते तेव्हा दार आणि तुमच्या बरगड्या यांच्यात वीतभरच अंतर असतं. समोरून ठोकलं तर बॉनेट चेपतं, तेवढा तरी वेळ मिळतो, बाजूनं तसलं काही नाही, म्हणून ती एअरबॅग पापणी लवायच्या आत बाहेर यावी लागते. ती सीटच्या कडेच्या शिवणीतून बाहेर येते, कंपनीनं ती शिवण तिथं उसवावी अशीच घातलेली असते. आता त्याच्यावर तुम्ही जाड रेक्झिन, फोम आणि नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी टीप घातली तर बॅग एक तर उशिरा येणार किंवा जिकडं वाट मिळेल तिकडं, म्हणजे पुढं किंवा मागं, फुगणार. वरची पडद्यासारखी एअरबॅग छतातून येते, तिचा आणि कव्हरचा संबंध नाही, पण ती डोक्यासाठी. छाती आणि पोट सीटमधलीच वाचवते.

चालणारी कव्हरं दोन प्रकारची. एकात त्या बाजूला कव्हरच नसतं, पाठीची बाहेरची कड उघडी असते आणि टॅग दिसतो. दुसऱ्यात त्या जागेची शिवण वेगळ्या कच्च्या दोऱ्यानं घातलेली असते, जोर आला की ती उसवते. दुसरा प्रकार चांगलाच आहे, पण फक्त ज्यांनी तो त्या गाडीसाठी तपासून बनवलाय त्यांचा. ती शिवण खरंच वेळेत उसवेल का हे दुकानात बघून कुणालाच सांगता येत नाही, मला पण नाही. बाजारात साध्या कव्हरला वरून एअरबॅगचं लेबल शिवून विकणारे आहेत. म्हणून माझ्याकडं जिम्नी आली की मी उघड्या कडेचंच देतो. गिऱ्हाईक म्हणतं दिसायला अर्धवट वाटतं, मी म्हणतो मग दुसरीकडं जा. आणि उघडं म्हणजे उघडं, कुणी तिथं वेल्क्रोची पट्टी लावून झाकून देतो म्हणालं तर नको म्हणा.

घरी बसवणार असाल तर सीट खोलू नका, लागत पण नाही. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. कव्हरचे हूक आणि इलॅस्टिक सीटच्या लोखंडी फ्रेमला किंवा स्प्रिंगला अडकवायचे, वायरला कधीच नाही. मी एक गाडी बघितलीय जिच्यात हूक वायरिंगला लावलेला, सीट मागंपुढं करून करून वायर ओढली गेली आणि डॅशवर एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला. आणि बाजूच्या सीटचं इलॅस्टिक फार करकचून ओढू नका, गादीत माणूस बसलाय का बघणारा सेन्सर असतो, तो दाबला गेला तर रिकाम्या सीटसाठी बेल्टचा बीप वाजत राहतो.

विदर्भकर

राजे हो, तुम्ही पावसाचं बोलून राह्यले, आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीला काळ्या रेक्झिनवर हाफ पँट घालून बसून दाखवा. दुपारी दोन वाजता गाडी उन्हात लावली होती, पोरगी मागच्या सीटवर बसली आणि किंचाळून उठली, मांडीला लाल चट्टा. त्याच आठवड्यात मी सगळी कव्हरं काढून टाकली. आता जाड सुती कव्हर आहे फिक्या रंगाचं, लवकर मळतं, पण काढून मशीनला टाकता येतं. रंग फिका घ्या एवढंच सांगतो.

मेलबर्नहून

मी मूळचा कोल्हापूरचा, इकडं आठ वर्षं झाली. इथं शेतावरच्या आणि ऑफरोडच्या गाड्यांना लोक सर्रास कॅनव्हासची कव्हरं टाकतात. भारतात बनलेली पाच दारांची जिम्नी इकडं पण विकली जाते आणि माझ्याकडं तीच आहे, म्हणून सीटा अगदी तुमच्यासारख्याच.

कॅनव्हास म्हणजे आपल्या जुन्या पिठ्ठू पिशवीचं कापड असतं तसं, आतून पाणी न जाणारा लेप. चिखल वाळला की ब्रशनं झटकला जातो, घसरायला होत नाही. पहिला महिना ताठ लागतं, मग मऊ होतं. निओप्रीन पण मिळतं, पाणबुडे घालतात त्या सूटचं, बसायला छान पण घाम येतो आणि एकदा भिजलं की वाळता वाळत नाही. साताऱ्याच्या पावसाला मी तरी ते घेणार नाही. आणि कुठलंही घ्या, पावसाळ्यात महिन्यातून एकदा कव्हर काढून खालची मूळ सीट वाळवा. कव्हरखाली ओल अडकली तर बुरशी दिसतच नाही आणि आत वाढत राहते.

बसवायचं म्हणाल तर कव्हर आधी तासभर उन्हात ठेवा, मऊ पडतं. हेडरेस्टच्या दांड्याच्या मुळाशी बटण असतं ते दाबून हेडरेस्ट काढा. आधी पाठ वरून खाली मोज्यासारखी ओढायची, दोन्ही खांदे जागेवर आले का बघायचं, मगच खालची पट्टी पाठ आणि गादीच्या फटीतून मागं ढकलायची. ती फट लई घट्ट असते भावा, स्टीलची पट्टी घालू नको, लाकडी उलथन्याचा दांडा चालतो. मी पहिल्या सीटला दीड तास घालवला आणि दुसरीला पंचवीस मिनिटं.

सातारकर_जिम्नी

सगळ्यांचे मनापासून आभार, कुशनवाले दादा तुमचे तर खास. काल बसवलं. उघड्या कडेचं कॅनव्हासचं, रंग वाळूसारखा फिका, टॅग दोन्ही सीटांवर स्पष्ट दिसतोय. आधी सगळी सीट व्हॅक्यूम केली, दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात वाळवली आणि मगच वर चढवलं, नाहीतर तो वास आतच कोंडला असता. सीट पूर्ण मागंपुढं करून बघितली, हूक कुठं घासत नाहीत. हेडरेस्ट काढून पाठ मागं पसरून झोपायची सोय आहे ती पण चालतेय, फक्त कव्हरच्या मागचा खिसा रिकामा ठेवावा लागतो, त्यात पाण्याची बाटली असली की पाठ सपाट होत नाही.

मागच्या सीटचं अडलंय. पोरीची चाइल्ड सीट आयसोफिक्सवर, म्हणजे मागच्या सीटच्या फटीतल्या लोखंडी कड्यांवर, लावतो आणि कव्हरला त्या जागी भोकच नाही. कापू का?

कुशनवाला_पुणे

सरळ कापू नका, कॅनव्हासचे धागे सुटत जातात. आधी कव्हरवरून बोटांनी चाचपून आतल्या लोखंडी कड्या शोधा, खडूनं खूण करा, कव्हर काढा आणि जवळच्या शिवणकामवाल्याकडून तिथं काजासारखी उभी चीर करून कडेनं टीप मारून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. चीर चार बोटं ठेवा. मग चाइल्ड सीट लावताना दोन्ही बाजूंना खट् आवाज आला आणि हिरवी खूण दिसली की हलवून बघा, मधे कापड अडकलं असेल तर एक बाजू अर्धवटच बसते. तोपर्यंत मागचं कव्हर लावूच नका, पोरीची सीट आधी.