'अध्ययन अक्षमता' हा शब्द नेमका कोणत्या मुलासाठी? आणि कारणं सांगायची ती कशाची?

प्रश्न

माझी नणंद इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या कागदांवर तिथल्या डॉक्टरांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' लिहिलंय. सासूबाईंना मराठीत सांगायचं म्हणून मी प्रतिशब्द शोधला तर 'अध्ययन अक्षमता' मिळाला. आमच्या शेजारच्या मुलालाही अध्ययन अक्षमताच आहे. तो गेल्या वर्षी लेखनिक घेऊन दहावीला बसला आणि चांगल्या गुणांनी पास झाला. त्यामुळे घरात सगळे निर्धास्त झाले. पण नणंद म्हणते, मुलगा अजून चार शब्दांचं वाक्य बोलत नाही, शर्टाची बटणं लावता येत नाहीत. मी शब्द चुकीचा घेतला का? शिवाय कारणं वाचताना 'जन्मताना प्राणवायू कमी पडणे', 'मेंदूज्वर' असं दिसलं. ते वाचून शेजारच्या काकू रडायलाच लागल्या. त्यांच्या मुलालाही हेच लागू आहे का?

उत्तर

ताई, शब्द तुम्ही बरोबरच उचललात, पण तो दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. ब्रिटनमध्ये 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे आपल्याकडे पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणत आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतात ते. समज, बोलणं, रोजची कामं, सगळ्यातच मूल वयाच्या मागे असतं. वाचन-लेखनापुरती अडचण असेल तर ते 'लर्निंग डिफिकल्टी' म्हणतात. अमेरिकेत आणि आपल्याकडे मात्र 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया. मूल हुशार असतं, पण वाचन, लेखन किंवा गणित यांतलं एखादं दार त्याला उघडत नाही. महाराष्ट्रात 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात, त्या याच अर्थाने. म्हणजे तुमच्या भाच्याचा शब्द वेगळा आणि शेजारच्या मुलाचा वेगळा.

हा घोळ आपल्या सरकारी कागदांतही आहे. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. त्यात मतिमंदत्व होतं, डिस्लेक्सिया नव्हताच. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले आणि 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' स्वतंत्र मोजली. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत ती छापलीय मात्र बौद्धिक अक्षमतेच्या मथळ्याखाली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, 'विशिष्ट' हा शब्द गाळू नका. पालकांना तो उगाच लावलेला सरकारी शब्द वाटतो, पण सगळा फरक त्यातच आहे.

मी विशेष शिक्षिका आहे. पालक माझ्यासमोर बसतात तेव्हा मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असते, त्यात सोनोग्राफीपासूनचे सगळे कागद. मी काही विचारायच्या आतच आई सांगू लागते: "सातव्या महिन्यात झाला, लगेच रडला नाही, काळानिळा पडला होता, दहा दिवस पेटीत ठेवला होता." हे शब्द नीट ऐकण्यासारखे असतात, कारण प्रत्येकामागे वैद्यकीय अर्थ आहे. 'लगेच रडला नाही' म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडला असण्याची शक्यता. 'पेटीत ठेवला' म्हणजे बहुतेक वेळा 37 आठवड्यांच्या आधीचा जन्म किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजन. 'कावीळ डोक्यात गेली' असंही म्हणतात आणि ते अगदी चूक नाही. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर पित्तद्रव्य मेंदूपर्यंत पोचून इजा करू शकतं. 'आकडी यायची' हेही लिहून घ्यावं लागतं.

विकास सगळ्याच बाजूंनी मागे पडण्याची आणखीही कारणं असतात. डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळाच्या कान, डोळे, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. आयोडिनची कमतरता, शरीरात गेलेलं शिसं, लहानपणीचा मेंदूज्वर, डोक्याला मोठा मार, हीसुद्धा. मामे-आते भावंडांत लग्न झालेलं असेल तर काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तेव्हा हे स्पष्ट बोललंच पाहिजे. जन्मतः थायरॉइड कमी असणं हे कारण मला सगळ्यात जास्त सलतं. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते पहिल्या आठवड्यात कळतं, रोजची साधी गोळी लवकर सुरू केली तर बुद्धी वाचते, आणि तरी ती तपासणी राहून गेलेली मुलं अजून दिसतात.

आणि पुष्कळदा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

आता शेजारच्या काकूंचं. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यातून येतो. वडिलांना किंवा मामाला शाळेत असाच त्रास झालेला असतो, फक्त त्याला तेव्हा नाव नव्हतं. अशा मेंदूला शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणं जड जातं. वेळेआधी जन्मलेल्या मुलांत शिकण्याच्या अडचणी जास्त दिसतात हे खरं, पण डिस्लेक्सियाची असंख्य मुलं पूर्ण दिवसांची, खणखणीत रडलेली असतात. माझ्याकडच्या एका मुलाची वही समोर आहे. 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात', आणि 'किती' लिहिताना पहिली वेलांटी क च्या नंतर. त्याचं म्हणणं असं, की 'इ' तोंडातून नंतर निघते, मग आधी का काढायची? त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा मुलगा तोंडी गणितं माझ्या आधी सोडवतो. काकूंना सांगा, बाळंतपणाचे कागद पुन्हा पुन्हा काढून बसू नका.

शंका

आमच्या गावाकडे 'गतिमंद' म्हणतात. तो शब्द चालेल? आणि डॉक्टर म्हणतात तो 'विकासविलंब' म्हणजे पुढे भरून निघेल असंच ना?

उत्तर

'मतिमंद' टोचतो म्हणून दयेपोटी 'गतिमंद' आला. पण त्याचा नेमका अर्थ ठरलेला नाही. कोणी तो अभ्यासात जरा मागे असलेल्या मुलासाठी वापरतं, कोणी बौद्धिक अक्षमतेसाठी, कोणी नुसत्या उशिरा चालणाऱ्यासाठी. घरी प्रेमाने म्हणा, अर्जावर लिहू नका. 'ढ' मात्र घरातही नको. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत ढ चं वळण फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ढ म्हणायला लागले असं सांगतात. अक्षराची गोष्ट छान आहे, पण वर्गात तो शब्द ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा मी पाहिलेला आहे.

'विलंब'बद्दल मात्र सावध राहा. आपण गाडीला विलंब म्हणतो तेव्हा गाडी येणार हे धरलेलं असतं. डॉक्टर 'सर्वांगीण विकासविलंब' म्हणतात ते पाच वर्षांखालच्या मुलाबद्दल, कारण त्या वयात बुद्धीचं नेमकं मोजमाप करता येत नाही. काही मुलं खरंच भरून काढतात, काहींच्या बाबतीत पुढे तोच कागद बौद्धिक अक्षमतेचा होतो. "याचा बापही चार वर्षांनी बोलला" म्हणून थांबलेली एक मुलगी माझ्याकडे आली, तिला मुळात ऐकूच येत नव्हतं. बोलणं उशिरा असेल तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान वयातच मदत सुरू करणाऱ्या केंद्रात पाठवतात. तिथे जायला निदानाची वाट पाहायची गरज नसते.

मूळ प्रश्नकर्ती

सासूबाईंना 'बौद्धिक अक्षमता' म्हणून नीट सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "कोणामुळे झालं?" नणंद फोनवरच होती.

उत्तर

हाच प्रश्न माझ्याकडे रोज येतो, आणि उत्तर आधीच ठरवून येतो: ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, सटवाईनं असंच लिहिलं. सटवाईला निदान दोष तरी नसतो, बाकी सगळे सुनेकडे येतात. मी वाक्यच बदलून परत विचारते: "कशामुळे झालं, असं विचारताय ना?" डॉक्टरांना कारण हवं असतं ते उपचार ठरवायला आणि पुढच्या बाळंतपणाआधी काय तपासायचं ते कळायला. त्यांच्या कागदावर 'जोखमीचा घटक' असं असतं. म्हणजे शक्यता वाढवणारी गोष्ट, इतकंच. घरात त्याचं भाषांतर 'चूक' असं होता कामा नये. पुढच्या फोनला सासूबाईंना नणंदेऐवजी नातवाशी बोलायला द्या. तीन शब्दांचं वाक्य बोलतो ना तो? मग त्याही तीन शब्दांत बोलतील, सावकाश, मराठीत.