लेनापे पद्धतीची मका-घेवडा-कोहळं शेती काळ्या जमिनीत कशी बसवावी?

धुऱ्यावरचा:
शाळेच्या परसबागेत लेनापे लोकांसारखा (हे उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी) 'तीन बहिणीं'चा, म्हणजे मका-घेवडा-कोहळं एकत्र, तुकडा लावायचा आहे. जमीन भारी काळी. अंतर किती, आधी काय पेरायचं? आणि राखेत मका शिजवून साल काढतात ते कसं?

डवरणी:
साडेतीन-चार फुटांवर फूटभर उंच ढीग करा. माथा सपाट ठेवू नका, आपल्या पावसात पाणी साचून बी सडतं. ढिगावर मक्याचे चार-पाच दाणे. मका वीतभर झाला की भोवती घेवडा, आठवड्याने ढिगांच्या मधे कोहळं. घाई केली तर घेवडाच मक्याला आडवा करतो. बुटका हायब्रीड मका नको. घेवड्याऐवजी पोपटाचा वाल चालेल, पण तो थंडीत लागतो, म्हणून कणसं काढल्यावर ताटं उभीच राहू द्या. डवरणी-निंदणी कोहळ्याचे वेल पसरायच्या आधी उरका. नुसते भुट्टेच खायचे असतील तर या भानगडीत पडू नका, वेल तुडवल्याशिवाय कणसापर्यंत पोचता येत नाही. लेनापेंचा हिवाळ्याचा साठा वाळल्या मक्याचा असे.

धुऱ्यावरचा:
म्हणजे घेवडा आहे म्हणून खत नको?

डवरणी:
त्या भरवशावर राहू नका. त्याचं नत्र त्या हंगामात बहुतेक त्याच्याच अंगी लागतं. शेणखत घालाच.

उखळ-मुसळ:
एक किलो वाळला मका, चार लिटर पाणी, दोन वाट्या चाळलेली राख. राख बाभळीची घ्या. पऱ्हाटीची नको, तिच्यावर फवारे झालेले असतात. दीड-दोन तास उकळा, दाणा बोटांत चोळून साल सुटली की उतरवा. मग चार-पाच पाण्यांनी धुवा, नाहीतर साबणासारखी चव लागते. जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) भांडं अजिबात नको, राखेचा खार ते खातो. या रीतीने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला, ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग पसरला.

नदीकाठ:
फलकावर लिहाल म्हणून सांगतो: 'तीन बहिणी' हे नाव इरोक्वा लोकांकडचं, पीक मात्र लेनापेंचंही. शेती बायकांची, कूळही आईकडून: लांडगा, कासव, टर्की. मुलुख डेलावेअर नदीचं खोरं; ओक्लाहोमा नंतरचं. लेनापेंकडून झालेल्या १७३७ च्या जमीन-खरेदीत 'माणूस दीड दिवसात चालेल तेवढी' जमीन ठरली होती. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या वारसांनी आधीच वाट साफ करून पटाईत चालणारे लावले आणि शंभरेक किलोमीटर मोजून घेतले.