मदत हवी आहे: वाळूचा फिल्टर दर तीन दिवसांनी तुंबतोय

गॅलरीतला_मळा: मंडळी, लवकर सांगा. अ‍ॅक्वापोनिक्ससाठी (माशांच्या टाकीतल्या पाण्यावर झाडं वाढवते) निळ्या ड्रममध्ये घरीच वाळूचा फिल्टर केलाय. दर तीन दिवसांनी तुंबतो. काल पाणी उतू जाऊन खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पडलं. दर वेळी सगळी वाळू उपसून धुते, तरी तेच. आज सकाळपासून मासे वर येऊन धापा टाकतायत. वाळू बदलू का? कोणती आणू?

खाडीकाठचा: ताई, मासे कोणते, किती? टाकी केवढी? पंप कितीचा? वाळू कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

गॅलरीतला_मळा: कोई (शोभेचे रंगीत मासे), १४. टाकी ३०० लिटरची, पंप ताशी १००० लिटर. ड्रम ५० लिटरचा. वाळू शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली आणली, चाळून घेतली. मुलुंडला राहते. आता सांगा.

सेक्रेटरीकाका: गॅलरीत ३०० लिटर? म्हणजे ३०० किलो नुसतं पाणीच झालं, वर ड्रम आणि कुंड्या. बिल्डिंग किती जुनी आहे? इंजिनियरला दाखवलंत का? आमच्याकडे एका मेंबरने अशीच टाकी ठेवली होती, स्लॅबला तडा गेला.

गॅलरीतला_मळा: काका, टाकी खोलीत कॉलमच्या कडेला आहे, गॅलरीत फक्त ड्रम आणि कुंड्या. मासे मरतायत हो इथे.

विहीरवाला: वाळू मुळीच काढू नका. वर जो थर जमतो ना, तो जिवंत असतो, पाणी तोच शुद्ध करतो. गावी विहिरीच्या पाण्याला आमचा असाच फिल्टर आठ वर्षं चालू आहे. वरचा बोटभर थर खरवडायचा, बस.

भांडुपकर: विहीरवाले, तुमचं विहिरीचं पाणी नितळ असतं. इथे माशांची शी आणि उरलेलं खाद्य थेट वाळूवर पडतंय. शिवाय तुमच्यासारख्या संथ फिल्टरमधून पाणी ताशी १० ते २० सेंटिमीटरच खाली उतरायला हवं. ड्रमचं तोंड साधारण फूट-सव्वाफूट धरलं तर ताशी जेमतेम १० ते २० लिटर. ताई ओततायत १०००. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातसुद्धा तुरटी घालून गाळ आधी खाली बसवतात, वाळू त्यानंतर येते.

विहीरवाला: भांडुपला कोई पाळत नाहीत. अनुभवाचं सांगतोय, पटलं तर घ्या.

खाडीकाठचा: भांडण नंतर. ताई, पंप बंद करून वाळूत हात घाला, काय दिसतं ते सांगा. चमचाभर वाळू बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरही टाकून बघा.

गॅलरीतला_मळा: वर सायीसारखा तपकिरी थर आहे, बोटाने उचलला तर घावनासारखा अख्खा निघतो. चार इंच खाली वाळू काळी, सडक्या अंड्यांचा वास. व्हिनेगर टाकल्यावर फसफसली.

खाडीकाठचा: फसफसली म्हणजे शिंपल्यांचा चुरा आहे, खाडीची रेती असणार. त्याने पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कधर्मीपणा, चढतो, आणि पीएच चढला की माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया तेवढाच असला तरी माशांना जास्त बाधतो. काळ्या भागात प्राणवायू पोचत नाही, तो वास विषारी वायूचा आहे. पंप चालू असताना ती वाळू ढवळू नका. आता खरं सांगा, वाळू धुता कशाने?

गॅलरीतला_मळा: नळाच्या पाण्याने. पाइप लावून, स्वच्छ पाणी येईपर्यंत.

भांडुपकर: इथेच घात झाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. अमोनिया पचवणारे जिवाणू वाळूच्या कणांवर बसतात, तुम्ही दर तीन दिवसांनी त्यांना धुऊन काढताय. अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट मोजा.

गॅलरीतला_मळा: क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेलं पाणी तपासायचं किट होतं घरात. नायट्राइटची नळी गडद जांभळी, म्हणजे खूप जास्त.

विहीरवाला: खडे मीठ टाका.

भांडुपकर: इथे विहीरवाल्यांचं बरोबर आहे, नायट्राइटवर मीठ चालतं. पण लिटरला १ ग्रॅमच, झाडं आहेत. खाद्य तीन दिवस बंद, एअर पंप रात्रंदिवस चालू, अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो.

पुदिनाप्रेमी: कोई खातात का हो? चव कशी असते?

खाडीकाठचा: वाळू काढूनच टाका, ताई. टाकीतलं पाणी आधी एका रिकाम्या ड्रममध्ये कडेने तिरकं सोडा, म्हणजे गोल फिरेल आणि गाळ मधोमध तळाशी बसेल. तळाला कॉक लावा, रोज बादलीभर गाळ काढून कुंड्यांना घाला. त्यापुढच्या ड्रमात वाळूच्या जागी अर्धा-पाऊण इंची काळी गिट्टी भरा. आपला काळा दगड बेसाल्ट, पीएच हलवत नाही. कधी धुवावी लागलीच तर टाकीतल्याच पाण्याने. जिवाणू पुन्हा बसायला महिना-दीड महिना जाईल, तोवर खाद्य चिमूटभरच. आणि ३०० लिटरला १४ कोई फार होतात, निम्मे कुणाला तरी द्या.

गॅलरीतला_मळा: दोन गेले, मोठी केशरी त्यातलीच. बाकीचे आज सकाळी खाली पोहतायत, नळी फिकट जांभळी झालीये. वाळू पोत्यात भरली. कॉक अर्धा इंची घेऊ की पाऊण?

खाडीकाठचा: एक इंची. अर्धा इंची गाळाने तुंबेल.