काळी बिअर मुंबईच्या उकाड्यात चालत नाही? मला अजिबात पटत नाही

गिरगावकर:
परवा ऑफिसातले आम्ही चौघे लोअर परळला बसलो होतो. मी स्टाउट मागवली तसा समोरचा म्हणाला, "मे महिन्यात काळी? ती थंडीतली." शेजारच्याचं वेगळंच, "काळी म्हणजे कडक, एकातच गरगरेल." गेली कित्येक वर्षं ही दोन वाक्यं ऐकतोय, आणि दोन्ही चुकीची आहेत.

आधी कडकपणाचं बोलू. आयर्लंडच्या गिनेस ड्राफ्ट या स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची माइल्ड धरतात, म्हणजे गिनेस माइल्डच झाली. परमिट रूममध्ये टेबलाटेबलावर दिसणाऱ्या सोनेरी 'स्ट्राँग' बाटल्या मात्र ८ टक्क्यांपर्यंत जातात. काळा रंग येतो भाजलेल्या बार्लीमुळे, आणि गिनेसमध्ये ती एकूण धान्याच्या दहाएक टक्केच असते. आपण वाटणासाठी सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजतो. रश्श्याला त्यातून रंग आणि खमंगपणा येतो, तिखटपणा येत नाही. हेही तसंच. ग्लास दिव्यासमोर धरून बघा, कडेला चक्क माणकासारखा लाल दिसतो.

आता उकाडा. नायजेरिया ही गिनेसच्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. श्रीलंकेत लायन स्टाउट पिढ्यान् पिढ्या चालते, आणि कोलंबोची हवा काही मुंबईपेक्षा कोरडी नाही.

नवख्याला मी थेट स्टाउट देत नाही. आधी श्वार्झबिअर, उदाहरणार्थ जर्मनीची क्योस्ट्रित्झर. काळी, पण अंगाने लागरच, म्हणजे आपल्या नेहमीच्या सोनेरी बिअरच्या कुळातली, ४.८ टक्के. मग म्युनिककडची डुंकेल, तिला इराण्याकडच्या ब्रूनच्या भाजक्या कवचाची चव असते. त्यानंतर पोर्टर आणि शेवटी स्टाउट. या क्रमाने गेलेला माणूस सहसा परत फिरत नाही. तुमची आवडती कोणती, तेही सांगा.

कुर्ला_स्लो:
असहमत. दादा, तुमची उदाहरणं तुमच्याच विरोधात जातात. नायजेरियात खपते ती गिनेसचीच फॉरेन एक्स्ट्रा, ती ७.५ टक्क्यांची. लायन स्टाउट तर ८ टक्क्यांच्याही वर. म्हणजे एका परिच्छेदात काळी कडक नसते म्हणायचं आणि पुढच्यात कडक काळीचे दाखले द्यायचे. त्या लोकांना ती कडक आणि गोडसर आहे म्हणूनच आवडत असणार.

संध्याकाळी सातच्या गाडीतून घामाने निथळत उतरल्यावर मला चॉकलेट-कॉफीची चव शोधायची नसते. घशाखाली गार काहीतरी सरकन जायला हवं असतं. ते काम लागर करते.

गिरगावकर:
मान्य, ते दाखले मी अर्धवट दिले. उकाड्यात पितात एवढंच त्यातून सिद्ध होतं, हलकी असते हे नाही. पण ४.२ ची गिनेस आणि ४.८ ची क्योस्ट्रित्झर तशीच राहते ना? तहानेचं म्हणाल तर पहिला ग्लास लागरचा घ्या, माझी काहीच हरकत नाही. दुसऱ्याबद्दल बोलतोय मी.

पार्ल्याची_सून:
माझी तक्रार वेगळी आहे. नवऱ्याच्या वाढदिवसाला एका दुकानातून बाहेरच्या देशातली पोर्टर आणली. किंमत अशी की त्यात दोन पापलेटं आली असती. उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास! बाटली उलटी करून पाहिलं, तारीख केव्हाची उलटून गेलेली. इथे काळी फारशी खपत नाही, म्हणून ती फळीवर पडून राहते, आणि उकाड्यात पडून राहिलेली बिअर आणखी लवकर उतरते. लोकांना शिफारस करायची तर हेही सांगा.

वर्सोवा_बंदर:
ताई, अगदी खरं. बाटलीपेक्षा नळावरची बरी. पुण्यात २००९ साली डुलाली हा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला, आता मुंबईतही ताजी बिअर मिळायची सोय झालीय. काळी कायम नसते, नळ बदलत राहतात. जाऊन आधी चाखायला थोडी मागा, कुणी नाही म्हणत नाही.

आणि आता माझं खरं सांगणं. लंडन-डब्लिनकडे स्टाउटबरोबर ऑयस्टर खायची जुनी रीत आहे. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं! आई कालवांचं सुकं करते, कांदा बराच, कोकम दोन आमसुलं, वाटण अगदी कमी. कालवांचा खारटपणा आणि स्टाउटचा करपट कडवटपणा एकमेकांना असे धरतात की मसाला पापड पुन्हा मागवावासा वाटत नाही. काळी इथली नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

गिरणगाव_७१:
कालवं ठीक, पण एक विचारतो. पोर्टर हे नाव कुठून आलं? अठराव्या शतकातल्या लंडनच्या हमालांवरून. दिवसभर ओझी वाहणाऱ्यांची बिअर ती. स्टाउट म्हणजे त्याच पोर्टरचा दमदार प्रकार. माझे आजोबा गिरणीत साचे चालवायचे, १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. आज गिरण्यांच्या आवारात ही हमालांची बिअर मिळते आणि एका ग्लासाला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आमच्या चाळीतल्या घराचा दोन दिवसांचा बाजार होतो. चवीबद्दल माझं काही म्हणणं नाही, मला आवडते ती. पण 'सगळ्यांनी प्यायला हवी' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

गिरगावकर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. वाचून बराच वेळ थांबलो. 'सगळ्यांनी' असं मी लिहिलं नव्हतं, पण सूर तसा लागला असेल तर तो माझा दोष.

एक राहिलं, गारपणाचं. आपल्याकडे सगळीच बिअर बर्फागत देतात. त्या थंडीत जीभ बधिर होते आणि काळीत फक्त कडू तेवढं उरतं. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवा. डब्यातली गिनेस असेल तर आत नायट्रोजनची छोटी प्लास्टिकची गोळी असते, म्हणून तिला ग्लासातच ओता. तपकिरी लाट वरून खाली उतरताना दिसते आणि वर सायीसारखा फेस जमतो. तो बसेपर्यंत ओठ लावू नका.

कुर्ला_स्लो:
काल करून पाहिलं. पंधरा मिनिटं टेबलावर ठेवली, पंखा पाचवर. चॉकलेटचा वास आला, शपथेवर सांगतो. पण अर्ध्यावर येईतो ग्लास कोमट झाला. उरलेली बायकोने संपवली, तिला आवडली. मी फ्रीजमधली लागर उघडली.

वर्सोवा_बंदर:
वहिनींना कालवं चालतात का विचारा. रविवारी आई करणार आहे.