सेप्टोप्लास्टीनंतर (नाकाचा वाकडा पडदा सरळ केल्यावर) नाकात पॅक कुठला: मेरोसेल स्पंज की गॉजची पट्टी?

कर्णनासिका: काल इथे एकाने लिहिलं, ‘मेरोसेल म्हणजे पेशंटच्या खिशाला कात्री, पॅराफिनची रिबन गॉज तेवढंच काम करते.’ करते, पण कुणाच्या हातून? गॉज नाकाच्या तळापासून वर घड्या रचत भरावी लागते आणि दोन्ही टोकं नाकपुडीबाहेर ठेवावी लागतात. नाहीतर एखादा वेढा मागे घशात उतरतो आणि पेशंट रात्रभर उमासे काढतो. मेरोसेलला मलम लावा, कोरडा असतानाच तोंडातल्या टाळूला समांतर, तळावरून सरकवा, वरून सलाइन सोडा. मिनिटभरात फुगून बसतो.

गॉजवाला: आणि काढताना? त्याच्या छिद्रांत म्युकोसा (नाकाचं आतलं अस्तर) धरला जातो, पेशंट खुर्चीतून उठतो. स्पंज वापरायचाच असेल तर हातमोज्याच्या बोटात घालून वापरा, चिकटत नाही. धागा मात्र बोट आणि स्पंज दोन्हींतून ओवा, नाहीतर स्पंज हातात येतो आणि बोट नाकातच राहतं.

नाइटसिस्टर: दुखतं ते घाईमुळे. राउंडच्या आधी पाच मिनिटांत सहा जणांचे पॅक उपसायचे आणि मग खापर स्पंजावर! अर्धा तास आधी वेदनाशामक द्या. पेशंटला बसवा, हनुवटीखाली किडनी ट्रे धरा, प्रत्येक बाजूला ५ मिलि सलाइन थेंब थेंब सोडा आणि दहा मिनिटं थांबा. मग तळालगत सरळ ओढा, वरच्या दिशेने नाही. एक बाजू झाली की रक्त थांबेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

गॉजवाला: सलाइनने स्पंज मऊ होतो, नाक बधिर होत नाही. २ टक्के लिग्नोकेन, बधिर करणारं औषध, सोडा की.

नाइटसिस्टर: किती?

गॉजवाला: तेवढंच. पाच-पाच.

कर्णनासिका: हिशेब करा साहेब! २ टक्के म्हणजे मिलिलिटरला २० मिग्रॅ. दहा मिलिचे २०० झाले. ५० किलोच्या बाईला किलोमागे ३ मिग्रॅ धरले तर १५० वरच थांबायला हवं. म्युकोसातून औषध किती झरझर शोषलं जातं हे तुम्हाला मी सांगायचं?

गॉजवाला: सगळं शोषलं जात नाही, निम्मं स्पंजात राहतं आणि ट्रेत गळतं.

कर्णनासिका: निम्मं कुणी मोजलं? ‘गळून जाईल’ म्हणून डोस ठरवतात का?

गॉजवाला: बरं, दोन-दोन मिलि, वर सलाइन. झालं समाधान? लिग्नोकेनची ॲड्रेनलीन मिसळलेली बाटली मात्र ब्लडप्रेशरवाल्याला उचलू नका, एवढं तरी मान्य कराल ना?

कर्णनासिका: ते मान्य. उपकार झाले.

टाके_घाला: पण मुळात पॅक कशाला? पडद्याच्या आरपार ४-० व्हिक्रिलच्या विरघळणाऱ्या धाग्याने गोधडीसारखे क्विल्टिंग टाके घाला. दोन्ही पदर चिकटून बसतात, रक्त साठायला जागाच उरत नाही. अमेरिकेच्या ईएनटी संघटनेने २०१७ च्या ऱ्हायनोप्लास्टीच्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पॅक नको असं म्हटलंय, सोबत सेप्टोप्लास्टी असली तरी. घोरणाऱ्या, स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास अडणाऱ्या) पेशंटची दोन्ही नाकं बुजवून त्याला रात्री झोपवण्यापेक्षा हे बरं.

कर्णनासिका: ‘सरसकट नको’ म्हणजे ‘कधीच नको’ नव्हे. टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा हाडाचा उंचवटा) कापलाय आणि कडेने झिरपतंय, तिथे पडद्याचे टाके काय करणार? पॉलिपच्या (नाकातल्या मऊ गाठींच्या) फेसनंतर, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर, तर वेगळाच प्रश्न. तिथे मधल्या मिएटसमध्ये (मधल्या टर्बिनेटखालच्या खोबणीत) नेझोपोर हा विरघळणारा स्पंज ठेवा, टर्बिनेट बाहेर सरकून चिकटत नाही. तो विरघळतो, पण आपोआप नाही. सलाइनने नाक धुतलं नाही तर त्याचीच खपली होते.

गॉजवाला: म्हणजे पुन्हा महागडी वस्तू. टाक्यांचं मात्र पटलं, या चर्चेत पहिल्यांदाच कुणी कामाचं बोललं. आणि माझ्याविरुद्ध जाणारं मीच सांगतो: सायनस उघडलेले असताना पॅराफिनचा चिखल आत ठेवू नका. तेल ऊतकात अडकतं आणि गाठी होतात.

नाइटसिस्टर: काहीही घाला. पण किती घातले ते केसपेपरवर लिहा, ‘उजवीकडे १, डावीकडे २’ असं. ४८ तासांच्या पुढे राहिला आणि ताप, जुलाब, अंगभर लाली आली तर टॉक्सिक शॉक (जंतूंच्या विषामुळे होणारा जीवघेणा आजार) समजून आधी पॅक काढायचा असतो. नाकात एक राहिलाय हे आम्हाला वासावरून कळायला नको.